गोड्या पाण्याचं उधाण

नवीन पनवेलच्या त्या इमारतीत सकाळ एकदम येत नसे. आधी प्रबळगडाच्या मागचं आभाळ राखेच्या रंगाचं व्हायचं, मग पातळ ताकासारखं, आणि त्या ताकात बराच वेळ काहीच घडायचं नाही. मग समोरच्या गच्चीवरच्या काळ्या टाक्यांच्या कडा उजळायच्या. त्या टाक्या ओलांडून प्रकाश अलीकडच्या भिंतीवर यायचा आणि घाई नसलेल्या माणसासारखा मजल्यामजल्याने खाली उतरायचा. वाळत घातलेल्या गणवेशाच्या बाहीतून आरपार जायचा, कुणाच्या तरी तुळशीची सावली कुणाच्या तरी खिडकीत नेऊन ठेवायचा. तिसऱ्या मजल्यावर पोहोचेपर्यंत त्याचा रंग पिकल्या लिंबासारखा झालेला असे. गॅलरीच्या लोखंडी नक्षीतून तो आत येई, लाद्यांवरून पुढे सरके आणि शेवटी प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसलेल्या म्हाताऱ्या आनंदाच्या पावलांवर येऊन थांबे.

त्या पावलांकडे त्याचा धाकटा मुलगा प्रणित रोज बघत असे. उरणच्या खाडीकाठी, गावात राहत असताना ती मिठाने पांढरी पडलेली असायची, टाचांच्या भेगांत चिखल कायमचा वस्तीला आलेला. आता ती मऊ झाली होती. भेगा बुजल्या होत्या, नखं स्वच्छ होती. बाबांची पावलं अशी निगुतीने राखलेली दिसली की प्रणितला ती दुसऱ्याच कुणाची वाटत. माणूस जिवंत असताना त्याची पावलं आधी जातात, असं काहीसं त्याला वाटे, आणि ते कुणाला सांगावं इतका धीर त्याच्यात नव्हता.

खाडीवर भराव पडून दोन पावसाळे उलटले होते. होडी विकली गेली, थोरल्या दीपेशने नवीन पनवेलला घर घेतलं, आणि आनंदा व त्याची बायको कृष्णाबाई दोघंही लेकांकडे येऊन राहिले. कृष्णाबाईने आठवड्याभरात जिन्यातल्या सगळ्या बायका ओळखीच्या करून घेतल्या. आनंदा मात्र गप्प झाला. तो उन्हं चढेपर्यंत झोपे, चहा पिऊन गॅलरीत बसे, संध्याकाळी सेक्टरच्या बागेत निवृत्त माणसांबरोबर पत्ते खेळे आणि परत येऊन जेवून पुन्हा झोपे. त्याचं वजन वाढलं होतं. दीपेश म्हणे, बाबा सेट झाले. प्रणितला त्या गप्पपणात एक मोठं, काळं पाणी साचलेलं दिसे. खाडी गेली आणि तिच्याबरोबर बाबाही गेले; जे घरात आहे ते नुसतं त्यांचं अंग आहे, अशी त्याची खात्री होती.

म्हणून त्याने बेत आखला. वैशाखात, पाऊस यायच्या आत, बाबांना घेऊन घाट चढायचा आणि मावळातल्या धरणांवर जायचं. पवना, वडिवळे, ठोकळवाडी. यांतलं एकही पाणी त्या घरातल्या कुणी पाहिलेलं नव्हतं. जासईच्या कंटेनर गोदामातल्या कचेरीत, गाड्यांच्या नोंदी करता करता, प्रणित मोबाइलवरच्या नकाशात ती निळी धरणं मोठी करून बघे. त्यांच्या कडा हाताच्या पंजासारख्या डोंगरात शिरलेल्या होत्या. कुठल्या बोटाच्या टोकाशी उथळ असेल, कुठे बाबा गुडघाभर पाण्यात उभे राहतील, हे तो मनात ठरवी. माळ्यावर गुंडाळून ठेवलेली पाग, हाताने फेकायचं जाळं, बाबा पुन्हा खांद्यावर घेतील. पागेची दोरी मनगटाला बांधतील, कड दातात धरतील, कमरेतून वळतील, आणि जाळं पाण्यावर थाळीसारखं गोल पडेल. मग त्यांच्या शेजारी उभ्या असलेल्या मुलाला ते म्हणतील, आता तू टाक. शेवटचं हे वाक्य तो स्वतःलासुद्धा मोठ्याने ऐकू देत नसे.

जेवताना त्याने बेत सांगितला तेव्हा दीपेश हसला.

"धरणावर? अरे, महाबळेश्वरला ने की त्यांना. स्ट्रॉबेरी खातील, फोटो काढतील. आयुष्यभर पाण्यातच होते, आता परत पाणीच दाखवणार?"

"गोडा मासा मातकट लागतो," कृष्णाबाईने भाताचा घास करता करता निकाल दिला. "त्याला कितीपन मसाला लाव. मी बाजारात कंदी ठेवला नाय. गिऱ्हाइकाच्या तोंडाकडं बगवत नाय."

"खायला नाही जात आपण, आई."

"मंग मासा काय बगायला धरतात?"

प्रणितने तिच्याकडे लक्ष दिलं नाही. त्याच्याकडे ठरवलेला दिवस होता आणि तो दिवस त्याने फार विचाराने ठरवला होता. "अष्टमीच्या आसपास भांग असतो, पाण्याला ओढ नसते, तेव्हा जाण्यात अर्थ नाही," तो म्हणाला. "अमावस्येला जाऊ. उधाण असतं. मासा काठाला येतो. ओहोटी लागली की पाग टाकायची."

"अमावस्या नको," कृष्णाबाई लगेच म्हणाली. "अमावस्येला पानी लय ओढतं. ह्या वयात पाय सरकला म्हंजे? द्वितीयेला जा."

"द्वितीयेपर्यंत उधाण टिकतं का?" दीपेशने विचारलं. त्याने कित्येक महिन्यांत खाडीचं नाव काढलं नव्हतं, पण आता हाताची बोटं मोजू लागला. "टिकतं. पण पाण्याची वेळ पुढे सरकेल. उन्हात उभं राहावं लागेल त्यांना."

"मग प्रतिपदा," प्रणित म्हणाला.

"प्रतिपदा बरी," कृष्णाबाईने मान हलवली.

हेतल, दीपेशची बायको, लहानाची मोठी सुरतेला झालेली. ती ताकाची वाटी हातात धरून एकदा सासूकडे, एकदा नवऱ्याकडे बघत होती. "एक विचारू?" ती म्हणाली. "धरणात भरती-ओहोटी येते का?"

ताटावरचे सगळे हात थांबले. दीपेशची मोजणारी बोटं हवेत होती तशीच राहिली. आणि मग कोपऱ्यातून एक आवाज आला, आधी खोकल्यासारखा, मग फुटून मोठा झालेला. आनंदा हसत होता. डोळ्यांत पाणी येईतो, ताट बाजूला सरकवून, पाठ भिंतीला टेकवून तो हसत होता.

"नाय येत, बाय," तो हेतलला म्हणाला. "धरनाला कुठली आलीय भरती? ह्या येड्यांना कोन सांगनार?"

बाबा असे हसलेले प्रणितने गावातही क्वचितच ऐकले होते. त्याचे कान लाल झाले होते, पण छातीत काहीतरी उघडल्यासारखं वाटत होतं. बघा, त्याने मनात म्हटलं, नुसतं पाण्याचं नाव काढलं तर हे असं. प्रत्यक्ष पाण्यात उतरले तर काय होईल.

"येवो नाहीतर न येवो," तो म्हणाला, आणि स्वतःच्याच आवाजातल्या धारेने दचकला. "प्रतिपदेलाच जायचं. ठरलं ते ठरलं."

"भरती नसताना?"

"भरती नसताना."

त्या दिवसापासून तो हट्टाला पेटला. आयुष्यभर कुणाच्या वाटेत न आलेल्या, रिक्षावाल्याशीही न भांडलेल्या मुलाला एकदा नाही म्हणता आलं की मग त्या नाहीची चटक लागते, तसं त्याचं झालं. जासईला त्याचा साहेब अविनाश रजेचा अर्ज हातात घेऊन म्हणाला, "मे महिन्यात? जहाजं रांगेत उभी आहेत, तुला मासे सुचतायत? पुढच्या महिन्यात विचार."

"मी विचारत नाहीये सर. मी सांगतोय."

अविनाशने मान वर करून त्याला नीट बघून घेतलं, जणू हा माणूस इथे नोकरीला आहे हे त्याला आत्ताच कळलं होतं. "पगार कापला जाईल."

"कापा," प्रणित म्हणाला, आणि बाहेर येऊन नळाखाली तोंड धुतलं.

पुढे परवानगीचा प्रश्न आला. खाडीवर कधी कुणाला विचारावं लागलं नव्हतं. पाणी होतं तिथे उतरायचं, एवढाच रिवाज. धरणांवर मासे सोडणाऱ्या संस्था असतात, त्यांना विचारावं लागतं, हे त्याला उशिरा कळलं. कुणाकुणाकडून नंबर मिळवत तो एका संस्थेच्या विठू नावाच्या माणसापर्यंत पोहोचला.

"गळ टाका, हरकत नाही," फोनवर विठू म्हणाला. "जाळं मात्र चालायचं नाही, दादा. आमच्या पोरांनी माशाचं बीज सोडलंय."

"माझे वडील कोळी आहेत. गळ त्यांनी कधी धरला नाही."

"मग धरतील. गळाला काय जातपात असते?"

"पाग एकदाच टाकतील. एकदाच. जे लागेल ते परत सोडू."

"लागलेलं परत सोडायला इतक्या लांबून येताय?"

"हो."

"तुमच्यात काहीतरी वेगळंच असतं बुवा," विठू म्हणाला. "या. एकदाच टाका, आणि मी समोर असताना टाका. नाहीतर माझी सगळी गावकी माझ्या अंगावर येईल."

राहिली एकच अडचण, आणि ती प्रणितची स्वतःची होती. त्याला पाग टाकता येत नव्हती. बाबा म्हणतील, आता तू टाक, आणि आपण नुसते उभे राहू, या विचाराने त्याला घाम फुटे. आठवीत असताना तो एकदा पहाटे बाबांच्या मागोमाग खाडीवर गेला होता. चिखलात उतरणार तोच आनंदाने त्याला दंडाला धरून वळवलं, घरापर्यंत तसंच चालवत आणलं आणि दप्तरासमोर बसवलं. एक शब्द बोलला नव्हता. पुढे दीपेशही कधी होडीवर गेला नाही, पण दीपेशला जायचंच नव्हतं. प्रणितला जायचं होतं. आपल्या बारीक मनगटांकडे बघून बाबांनी तेव्हाच काय ते ठरवून टाकलं, असं त्याने मनाशी धरलं आणि ते कधी सोडलं नाही.

रविवारी सकाळी तो पाग घेऊन गच्चीवर गेला. मोबाइलवर कुणीतरी दाखवलेली पद्धत त्याने पाठ केली होती. पागेच्या काठाला लावलेल्या शिशाच्या गोळ्या त्याच्या नडगीला लागत होत्या. कड दातात धरली तर मिठाची आणि जुन्या माशाची चव आली. पहिल्या वेळी जाळं त्याच्याच पायात पडलं. दुसऱ्या वेळी पाण्याच्या नळाला अडकलं. तिसऱ्या वेळी त्याने डोळे मिटून, सगळं अंग वळवून फेकलं, आणि ते खरोखरच उघडलं. पुरतं गोल नाही, पण उघडलं. ते जाऊन पडलं ते पलीकडे जुन्या साडीवर वाळत घातलेल्या कुरडयांवर.

राखणीला बसलेल्या शेजारच्या कमळाबाई हातातली काठी टेकत उठल्या. "काय रे ए, कोळ्याच्या? मासे संपले म्हणून आता कुरडया धरायला लागलास का?"

"चुकून पडलं, काकू."

"चुकून? दोनदा बघितलं मी तुला. तिसऱ्यांदा तू नेम धरलास. आता ह्यांना वास लागला तर जावई काय खाईल माझा?"

"लागलाच तर सांगा, उरणच्या कोळंबीची कुरडई आहे म्हणून," प्रणित म्हणाला. असं उत्तर आपल्याला सुचलं याचंच त्याला नवल वाटलं. कमळाबाई पदराने तोंड दाबून हसू आवरत म्हणाल्या, "तोंड फुटलंय की रे तुला. उचल ते आधी. एकही मोडता कामा नये."

खाली बसून तो जाळ्याच्या भोकांतून कुरडया सोडवू लागला तेव्हा जिन्याच्या दारात त्याला आनंदा दिसला. किती वेळ उभा होता कोण जाणे. त्याची नजर पागेवर होती. ओठ घट्ट मिटलेले, कपाळावर आठी. प्रणितने हाक मारायला तोंड उघडलं, तोवर तो वळून खाली उतरला होता.

सहन होत नाही त्यांना, प्रणितला वाटलं. जाळं दुसऱ्याच्या हातात बघवत नाही. त्या दिवशी त्याने दोनदा अधिक सराव केला, कुरडयांपासून लांब.

प्रतिपदेला पहाटे, फटफटायच्या सुमाराला, त्याने दीपेशची गाडी इमारतीखाली काढली. दीपेशने चावी देताना एवढंच म्हटलं होतं, "डेंट नको. आणि ते गाडीत ठेवलंस तर सीटला वास येईल." प्रणितने पाग मुद्दाम मागच्या सीटवर ठेवली, झाकली नाही. कृष्णाबाई डबे, मसाल्याची बाटली आणि तव्यासकट आली आणि पागेशेजारी अंग चोरून बसली. "मातकट लागला तर मी खानार नाय, आत्ताच सांगते," ती म्हणाली.

आनंदा शेवटी उतरला. त्याने लग्नाकार्याला घालायचा पांढरा सदरा घातला होता, केस ओले करून विंचरले होते. काखेत चटईची गुंडाळी होती. गाडीजवळ येऊन त्याने खिडकीतून आत पाहिलं आणि तो थांबला.

"ही कशाला घेतलीस?"

"तुमच्यासाठी, बाबा."

"मना कोनी इचारला?"

त्याच्या आवाजात राग नव्हता. तरी प्रणितच्या तोंडून सगळं एकदम बाहेर आलं. "तुम्ही बोलत नाही. खाडी गेल्यापासून तुम्ही घरात असून नसल्यासारखे. नुसते बसता, झोपता. मला बघवत नाही. मी साहेबाशी भांडलो, दादाशी भांडलो, त्या संस्थेच्या माणसाच्या पाया पडायचा तेवढा राहिलो. एकदा टाका. एकदाच."

"मी कंदी जास्ती बोलायचो?" आनंदाने विचारलं. त्याला खरंच आठवून बघायचं होतं. "खाडीवर तरी कुठं बोलायचो? आवाज झाला का बोय मासली पलते."

कृष्णाबाई गाडीत हसली.

"तुम्हाला आठवण येत नाही?"

"येते की. थंडी आठवते. शिंगाल्या माशाचा काटा लागून हात सुजायचा, ता आठवते. पान्याची वेल झाली का उठायचा. मंग ताप असूदे, सन असूदे, घरात मयत असूदे. आता मना कोन उठवत नाय." त्याने चटई एका काखेतून दुसऱ्या काखेत घेतली. "तू बोललास धरन, मना बरा वाटला. भरती नाय, ओहोटी नाय. पानी गप बसलेला मी कंदी बगला नाय. बसून बगीन म्हनलो."

प्रणितच्या घशाशी तो जुना प्रश्न आला. इतकी वर्षं तो तिथेच होता. "मग मला तेव्हा का परत आणलंत? खाडीवरून?"

आनंदाने त्याच्याकडे पाहिलं. एवढी साधी गोष्ट हा का विचारतो, असा भाव त्याच्या चेहऱ्यावर होता. "तुला कशाला नेनार होतो?" तो म्हणाला.

इमारतीचा पहारेकरी फाटक उघडून वाट बघत होता. प्रणितने पुढचं दार उघडून धरलं. "पाग गाडीतच राहील," तो म्हणाला. त्याचा आवाज चिरकला, पण तो मागे हटला नाही.

"राहूदे. मी काय काढ बोललो?"

"तुम्ही नाही टाकलीत तर मी टाकेन. येत नसली तरी टाकेन. त्या विठूसमोर, सगळ्यांसमोर."

"टाक," आनंदा म्हणाला, आणि खुर्चीत बसतात तसा पाय पसरून बसला. "पन कड दातानं सोडायला उशीर करतंस. गच्चीवर बगितला मी. दात जातील."

शेडुंग मागे पडलं, चौक मागे पडलं. प्रणित रागानेच गाडी चालवत होता आणि मनातल्या मनात अजून वाद घालत होता. पाणी समोर आल्यावर बघू. हातात दोरी आली की हात आपोआप वळतील. माणूस बोलतो एक आणि त्याच्या आत असतं दुसरं. इतक्या वर्षांचे कष्ट कुणी उगाच करत नाही, त्यात जीव असल्याशिवाय. असं तो स्वतःला पुन्हा पुन्हा बजावत होता, आणि प्रत्येक वेळी त्या वाक्याला आधार कमी पडत होता. खोपोलीच्या अलीकडे रस्त्याने वळण घेतलं तेव्हा त्याने शेजारी पाहिलं. आनंदा झोपला होता. तोंड किंचित उघडं, दोन्ही हात पोटावर सैल, कपाळ लहान मुलासारखं कोरं. गॅलरीत, बागेतून आल्यावर, जेवून उठल्यावर रोज दिसणारा हाच तो चेहरा होता, आणि त्यावर दुःख कुठेही नव्हतं.

गाडी वळवावी असं त्याला एकदाही वाटलं नाही. त्याने गिअर खाली घेतला आणि घाट चढायला सुरुवात केली.

बाबांना मासे मारायला कधीच आवडलं नव्हतं.